ब्लूबर्ड उपग्रह आणि तुमचा साधा फोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२४ डिसेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून ब्लूबर्ड ब्लॉक-२ हा साध्या मोबाइलशी थेट बोलणारा उपग्रह उडाला आणि त्या संध्याकाळपासून माझ्या व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागला: "आता टॉवर जाणार का?" मी टेलिकॉम कंपनीत नाही. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून संपर्क साधण्याचा नाद आहे, उपग्रहांचे सिग्नल पकडत गच्चीवर बरीच वर्षं घालवली आहेत, एवढीच पात्रता. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

हा उपग्रह नेमका कुणाचा?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या मिडलँड गावच्या एएसटी स्पेसमोबाइल या कंपनीचा. उडवला इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने, आणि व्यवहार झाला न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीमार्फत. इस्रोची व्यापारी कामं हीच कंपनी बघते. म्हणजे उपग्रह त्यांचा, गाडी आपली, भाडं ठरवून. बातम्यांच्या मथळ्यांमुळे बऱ्याच जणांचा समज झाला की हा भारताचा उपग्रह आहे. तो नाही.

वजन सुमारे ६,१०० किलो. भारताच्या भूमीवरून एलव्हीएम३ ने याआधी इतकं वजन कधी वर नेलं नव्हतं. कक्षा जमिनीपासून सुमारे ५२० किमीवर.

यासाठी वेगळा फोन घ्यावा लागेल का?

नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. खिशातला ४जी किंवा ५जी फोन, तेच सिम, तोच नंबर. अॅप नको, फोनला बाहेरून लावायची अँटेना नको. उपग्रह फोनशी तुमच्या मोबाइल कंपनीच्या नेहमीच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलतो, त्यामुळे फोनच्या दृष्टीने तो आणखी एक टॉवर असतो, जरा लांबचा. अटी दोनच: तुमच्या मोबाइल कंपनीने उपग्रहवाल्यांशी करार केलेला हवा आणि सरकारने परवानगी दिलेली हवी. त्याबद्दल पुढे येईलच.

पण फोनची ताकद केवढी, अंतर केवढं! सिग्नल पोचतो कसा?

मलाही आधी हे पटलं नव्हतं, म्हणून कागदावर हिशेब मांडला. तोच इथे देतो.

४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉट ताकदीने प्रसारण करतो. देवघरातल्या छोट्या एलईडी दिव्याहूनही कमी. समजा टॉवर ५ किमीवर आहे आणि उपग्रह थेट डोक्यावर ५२० किमीवर. अंतर १०४ पट झालं. मोकळ्या जागेत सिग्नल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात पातळ होत जातो, म्हणजे टॉवरपाशी जेवढा पोचतो त्याच्या जवळपास अकरा हजारावा भाग उपग्रहापाशी पोचणार. हा अकरा हजार पटींचा खड्डा कुठून तरी भरून काढायचा आहे.

फोनची ताकद वाढवता येत नाही. बॅटरी तेवढीच, शिवाय कानाशी धरायच्या वस्तूला नियमांची मर्यादा. उरतो ऐकणारा. ऐकणाऱ्याचा कान मोठा करायचा. टॉवरवरची नेहमीची अँटेना ठरावीक दिशेचा सिग्नल साधारण ५० पट ठळक करून ऐकते. ब्लूबर्ड ब्लॉक-२ ची अँटेना २२३ चौरस मीटरची आहे. ८५० मेगाहर्ट्झला तिचा आदर्श गुणाकार सुमारे २२ हजार पट येतो. टॉवरच्या तुलनेत साडेचारशे पट. प्रत्यक्षात थोडा कमी धरा.

म्हणजे अकरा हजारांतले साडेचारशे वसूल झाले. अजून पंचवीसेक पटींची तूट राहते. ती भरतं मोकळं आकाश. जमिनीवर टॉवर आणि तुमच्यामध्ये इमारती, झाडं, टेकाडं, पाण्याच्या टाक्या असतात, आणि त्यांत सिग्नल मोकळ्या जागेच्या हिशेबापेक्षा शेकडो पट जास्त मरतो. डोक्यावरच्या उपग्रहाच्या वाटेत यांपैकी काही नसतं. आणि नेमकी हीच जमेची बाजू तुम्ही छपराखाली गेलात की हातची जाते. हे ध्यानात ठेवा, पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात.

२२३ चौरस मीटर म्हणजे केवढी?

२,४०० चौरस फूट. सहाशे चौरस फुटांचे चार फ्लॅट. किंवा बॅडमिंटनचे पावणेतीन कोर्ट.

एवढी मोठी वस्तू रॉकेटच्या टोपणात मावत नाही. म्हणून अँटेना चौकोनी तुकड्यांची करतात, दुमडून ठोकळा बनवतात आणि कक्षेत गेल्यावर घड्या उलगडतात. रचना सुटसुटीत आहे: तुकड्याच्या एका अंगाला सौर पेशी, दुसऱ्या अंगाला अँटेना. एक बाजू ऊन खाते, दुसरी पृथ्वीकडे बघून बोलते.

भीतीचा क्षण हा उलगडण्याचा असतो. बिजागर अडकलं तर हातोडी घेऊन वर जाणार कोण? म्हणूनच कंपनीने थेट मोठ्याला हात घातला नाही. १० सप्टेंबर २०२२ ला ब्लूवॉकर ३ हा ६४ चौरस मीटरचा चाचणी उपग्रह उडाला. त्याची अँटेना नोव्हेंबरात उलगडली. एप्रिल २०२३ मध्ये त्याच्यामार्फत टेक्सासमधल्या मिडलँडहून जपानमध्ये कॉल लागला, तोही दुकानात मिळणाऱ्या सॅमसंग गॅलेक्सी एस२२ वरून, फोनमध्ये काहीही बदल न करता. त्याच वर्षी सप्टेंबरात हवाईतल्या माउई बेटावरून माद्रिदला ५जी कॉल झाला. मग १२ सप्टेंबर २०२४ ला त्याच मापाचे पाच ब्लूबर्ड एकदम गेले. आणि नंतर हा, साडेतीन पट मोठा.

सॅटेलाइट फोन तर केव्हाचे आहेत. यात नवीन ते काय?

ओझं कुणी उचलायचं, ते बदललं.

इन्मारसॅट १९७९ मध्ये जहाजांसाठी स्थापन झाली. तिची सुरुवातीची यंत्रं जहाजावर घुमटात बसवावी लागत. मग आलं इरिडियम. मूळ योजना ७७ उपग्रहांची, आणि इरिडियम धातूचा अणुक्रमांक ७७, म्हणून ते नाव. पुढे ६६ उपग्रहांतच भागलं, नाव मात्र तेच राहिलं. (६६ अणुक्रमांकाचा धातू डिस्प्रोसियम. त्या नावाने फोन विकायची हिंमत कुणी केली असती असं वाटत नाही.) १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू झाली. पहिला कॉल अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी गिल्बर्ट ग्रोव्हनर यांना केला. हे ग्रोव्हनर म्हणजे टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांचे पणतू. सोहळा दणक्यात झाला आणि नऊ महिन्यांत, ऑगस्ट १९९९ मध्ये, कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पाच अब्ज डॉलरच्या वर ओतलेली ती उपग्रहमाळ पुढे अडीच कोटी डॉलरांना विकली गेली. नव्या मालकांनी ती नीट चालवली आणि इरिडियम आजही चालू आहे.

तंत्र फसलं नव्हतं. फोन विटेएवढा, जाड दांडीची अँटेना, मिनिटाला काही डॉलरचा दर, आणि घरात चालत नाही. तेवढ्या काळात साधे टॉवर सगळीकडे पोचले. गिऱ्हाईक त्यांनी नेलं.

दुसरा धडा टेरेस्टार-१ चा. १ जुलै २००९ ला उडाला, वजन सुमारे सात टन, १८ मीटर व्यासाची अँटेना, त्या काळचा सर्वांत मोठा व्यापारी दळणवळण उपग्रह. उपग्रह उत्तम चालला. कंपनी ऑक्टोबर २०१० मध्ये बुडाली. या धंद्यात उपग्रहापेक्षा ताळेबंद आधी कोसळतो, हे गुंतवणुकीबद्दल विचारणाऱ्या दोघातिघांना मी आवर्जून सांगतो. त्यापुढचा सल्ला माझ्याकडे नाही.

तेव्हा आणि आता यांतला फरक असा: पूर्वी खास फोन विकत घ्यायला लागायचा, आता फोन तुमच्याकडे आहेच. मोठेपणाचं सगळं ओझं वर ढकललं आहे.

मग भूस्थिर कक्षेतच एक मोठा उपग्रह का ठेवत नाहीत? सारखा एका जागी राहील.

राहील, पण ३५,७८६ किमीवर. वरच्या हिशेबात ५२० च्या जागी हा आकडा घालून बघा. आणखी पावणेपाच हजार पट तूट. संयुक्त अरब अमिरातींतली थुराया ही कंपनी हेच करते, पण तिला तिचा खास फोन लागतो.

शिवाय बोलण्यातला उशीर. तुमचा आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, समोरच्याचं उत्तर यायला आणखी पाव. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग दोघं "हां, बोला बोला" म्हणतात. ५२० किमीवर एका बाजूचा प्रवास दोन ते पाच मिलिसेकंदांत होतो. कानाला कळतही नाही.

खालचा उपग्रह तर पळत असतो. कॉल तुटत नाही का?

पळतो म्हणजे सेकंदाला ७.६ किमी. मुंबई ते पुणे सरळ रेषेत सोळा सेकंद. पृथ्वीची फेरी ९५ मिनिटांत. क्षितिजापासून बऱ्यापैकी वर असा तो तुमच्या आकाशात दिसतो, तेही डोक्यावरून गेला तर, जेमतेम पाच मिनिटं. त्यामुळे अखंड सेवेसाठी माळ लागते: एक मावळायच्या आत दुसरा उगवलेला हवा आणि कॉल त्याच्याकडे सोपवता यायला हवा. टॉवर बदलताना होतं तेच, फक्त इथे तुम्ही उभे आणि टॉवर धावतोय.

याहून अवघड भानगड फ्रिक्वेन्सीची. शिट्टी वाजवत येणारी रेल्वे आपल्या पुढून गेली की सूर उतरतो, तो डॉप्लर परिणाम इथेही आहे. मी तो हाताने अनुभवलाय. स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे आणि पीव्हीसी पाइप जोडून केलेली यागी (एकाच दिशेचं ऐकणारी) अँटेना, हातात वॉकीटॉकीसारखा सेट, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झचा सिग्नल. स्थानक उगवतं तेव्हा डायल साडेतीन किलोहर्ट्झ वर ठेवावी लागते, डोक्यावर आलं की बरोबर मधे, मावळताना तेवढीच खाली. एका हातात अँटेना फिरवायची, दुसऱ्या हाताने डायल, मान आकाशाकडे. दहा मिनिटांत मनगट भरून येतं. खालच्या बोळातून कुणी वर बघितलं तर हा माणूस पतंगाशिवाय मांजा खेळतोय असं वाटावं.

आता ८५० मेगाहर्ट्झला हीच सरक २० किलोहर्ट्झच्या आसपास जाते आणि २ गिगाहर्ट्झला ४५ च्या पुढे. ४जी मध्ये शेजारशेजारच्या उपवाहकांत, म्हणजे सिग्नलच्या बारीक वाटांत, अंतर असतं फक्त १५ किलोहर्ट्झचं. म्हणजे काही न करता सोडून दिलं तर एका वाटेचा सिग्नल शेजारच्याच्या अंगणात जाऊन पडेल आणि फोनला काही म्हणता काही कळणार नाही. फोन बिचारा डायल फिरवणार नाही, त्याला मुळात माहीतच नाही की तो उपग्रहाशी बोलतोय. म्हणून डायल फिरवायचं काम यंत्रणा करते. उपग्रह कुठे आहे आणि त्याचा झोत जमिनीवर कुठे पडलाय हे तिला माहीत असतं, त्यावरून ती सिग्नल आधीच उलट्या दिशेने सरकवून पाठवते. फोनपाशी येईतो हिशेब जुळलेला असतो.

उशिराचंही तसंच. ४जी टॉवर साधारण १०० किमीपर्यंतचाच फोन गृहीत धरून वेळेचं गणित करतो. पाचशे किमीवरचं उत्तर त्याला "उशिरा आलं, रद्द" असं वाटेल. तिथेही बेस स्टेशनची, म्हणजे टॉवरचं काम चालवणाऱ्या यंत्राची, समजूत घालावी लागते. माझ्या मते या प्रकल्पातली खरी करामत अँटेनाच्या आकारात जेवढी आहे तेवढीच या दोन समजुतींत आहे. फोटोत ती दिसत नाही, म्हणून बातमीतही येत नाही.

म्हणजे टॉवर आकाशात आहे की जमिनीवर?

ब्लूबर्डच्या बाबतीत मेंदू जमिनीवर आहे. उपग्रह फोनचा सिग्नल गोळा करतो आणि ४० ते ५० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर खालच्या गेटवे केंद्राला देतो. बेस स्टेशन तिथे, आणि तिथून पुढे तुमच्या मोबाइल कंपनीचं नेहमीचं जाळं. उद्या ६जी आलं तर बराचसा बदल खालीच करता येईल, हा फायदा. तोटा असा की फोन आणि गेटवे दोन्ही एकाच वेळी उपग्रहाला दिसायला हवेत. स्टारलिंकने दुसरा रस्ता धरला आणि बेस स्टेशनचा मोडेमच उपग्रहावर बसवला.

स्पीड किती मिळेल?

कंपनी सांगते की एका झोताला कमाल १२० एमबीपीएसपर्यंत. हा आकडा वाचून लोक खुश होतात, कारण तो आपल्या एकट्याचा आहे असं वाटतं.

झोत जमिनीवर केवढा पडतो ते बघा. पंधरा मीटर बाजूची अँटेना, ८५० मेगाहर्ट्झ, ५२० किमी उंची: डोक्यावर असताना साधारण १२ किमी व्यासाचं वर्तुळ, तिरका झाला की त्याहून मोठं. शंभराहून जास्त चौरस किमी. त्या वर्तुळातले सगळे मिळून १२० एमबीपीएस. साठ जणांनी व्हिडिओ लावला तर प्रत्येकी २. सहाशे जणांनी लावला तर कुणाचाच चालणार नाही. शहरात एवढ्याच जागेत शेकडो टॉवर उभे असतात आणि प्रत्येकाची क्षमता स्वतंत्र असते.

तेव्हा "आता टॉवर जाणार का" याचं उत्तर: नाही. गर्दीच्या जागी उपग्रह टॉवरची बरोबरी करू शकत नाही, कितीही सोडले तरी. त्याची जागा आहे जिथे माणसं विरळ आहेत आणि टॉवर उभारणं कुणालाच परवडत नाही: समुद्र, घाट, जंगल, वाळवंट, डोंगरापलीकडची दोन घरांची वस्ती. तिथे साठ माणसं एकदम व्हिडिओ बघत नसतात.

घरात चालेल? गाडीत? पावसात?

घरात धरून चालू नका. स्लॅबखाली तर नाहीच. खिडकीशी, आकाशाचा मोठा तुकडा दिसत असेल तर कदाचित. गाडीत टपाच्या पत्र्याखाली अडचण, काचेतून थोडंफार. दाट झाडीतही सिग्नल कमी होतो.

पावसाला या फ्रिक्वेन्सी भीत नाहीत, डीटीएचसारखं ढग आले की चित्र गोठलं असं होत नाही. भीती गेटवेच्या दुव्याला असते, त्या वरच्या फ्रिक्वेन्सी मुसळधार पावसात फार मार खातात. म्हणून गेटवे एकाहून जास्त ठेवावे लागतात.

बॅटरी लवकर उतरेल का?

फोन पूर्ण ताकदीने बोलेल, त्यामुळे थोडी जास्त जाईल. पण रेंज नसलेल्या जागी फोन नेटवर्क शोधत राहतो तेव्हाही बॅटरी उतरतेच, हे ट्रेकवाल्यांना सांगायला नको.

रेडिएशन?

पाचशे किमीवरून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तो ऐकू यावा म्हणून ही सगळी यातायात. काळजी करायचीच तर कानाशी धरलेला फोन उपग्रहापेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि त्याच्यासाठी मर्यादा आधीपासून ठरलेल्या आहेत.

आयफोनचं सॅटेलाइट एसओएस आणि स्टारलिंक म्हणजे हेच का?

एकाच घरातल्या तीन वेगळ्या स्वभावाच्या जावा म्हणा.

अॅपलने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ पासून सुरू केलेली सोय ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर चालते. त्यासाठी फोनमध्ये त्या फ्रिक्वेन्सीचं हार्डवेअर आधीच घातलेलं आहे. काम छोट्या मजकुराचं, आणि फोन उपग्रहाच्या दिशेने धरून उभं राहावं लागतं.

स्टारलिंकचं दोन प्रकारचं आहे आणि गोंधळ तिथेच होतो. छतावर डिश लावून घरात वायफाय घेणं ही एक सेवा. थेट मोबाइलशी बोलणारे उपग्रह ही दुसरी, त्यांची पहिली तुकडी जानेवारी २०२४ मध्ये गेली. अमेरिकेत टी-मोबाइलने जुलै २०२५ मध्ये त्यावर सेवा खुली केली, सुरुवात मुख्यतः मेसेजपासून. त्यांचे उपग्रह लहान पण शेकडो. ब्लूबर्डवाल्यांचा डाव उलटा: थोडे पण अवाढव्य. २०२६ अखेरपर्यंत ४५ ते ६० उपग्रह असं त्यांचं जाहीर उद्दिष्ट आहे. कुणाचा डाव बरोबर? मोठी अँटेना बारीक झोत देते आणि मला तंत्राच्या बाजूने ती आवडते. पण शेकडो उपग्रह आणि स्वतःचं रॉकेट ज्याच्याकडे आहे त्याच्याशी पैज लावायला मी जाणार नाही.

भारतात कधी मिळणार?

व्होडाफोन आयडियाने जून २०२५ मध्ये एएसटीशी भागीदारी जाहीर केली आहे. भागीदारी जाहीर होणं आणि तुमच्या फोनवर रेंजच्या काड्या दिसणं यांमध्ये परवानग्यांचा लांब बोळ आहे.

मूळ तिढा स्पेक्ट्रमचा. मोबाइल कंपन्यांनी आपल्या फ्रिक्वेन्सी लिलावात हजारो कोटी मोजून घेतल्या, त्या जमिनीवरच्या टॉवरसाठी. उपग्रह सेवांना २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे स्पेक्ट्रम लिलावाशिवाय, प्रशासकीय पद्धतीने मिळतो. आता जमिनीचा स्पेक्ट्रम उपग्रहावरून वापरायचा म्हटलं तर तो कोणत्या खात्यात मांडायचा? अमेरिकेत दूरसंचार नियामकाने यासाठी मार्च २०२४ मध्ये वेगळे नियमच केले. शिवाय झोत मोठा असतो, तो राज्याची किंवा देशाची हद्द बघून थांबत नाही. सीमेपलीकडे तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कुणाची असू शकते. आणि सुरक्षा यंत्रणांना गेटवे आपल्याच भूमीवर हवा असतो.

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये मिळालेला परवाना बघून काहींनी मला अभिनंदनाचे मेसेज पाठवले. तो उपग्रहावरून दळणवळण सेवा देण्याचा परवाना होता. तेवढ्याने तुमचा साधा फोन उपग्रहाशी बोलायला लागत नाही.

परदेशातून सॅटेलाइट फोन आणला तर?

आणू नका. भारतात थुराया आणि इरिडियमचे फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. विमानतळावर प्रवासी अडकल्याच्या घटना वारंवार घडतात, ट्रेकिंगला वापरतात ती उपग्रह मेसेंजर यंत्रंही त्यात सापडतात. "माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही. खरंच गरज असेल तर कायदेशीर वाट आहे: बीएसएनएल २०१७ पासून इन्मारसॅटवर आधारित फोन सेवा देतं. गेटवे गाझियाबादला आहे आणि परवानगीचे कागद लागतात.

मच्छीमारांना उपयोग होईल का?

होईल, पण त्यांच्यासाठी आज उपलब्ध असलेली सोय वेगळी आहे. इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपाँडर बोटीवर बसवायचा, तो फोनशी जोडायचा आणि उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी मेसेज. वादळाचा इशारा, सागरी हद्दीची सूचना, संकटाची हाक. एक लाख बोटींवर टप्प्याटप्प्याने ही यंत्रं बसवायच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात झाली. त्यावर गप्पा मारता येत नाहीत, पण बुडणाऱ्या माणसाला गप्पा मारायच्या नसतात. साध्या फोनवरची उपग्रह सेवा आली तरी हे यंत्र काढून टाकू नये असं मला ठामपणे वाटतं: बोटीच्या टपावर पक्कं बसवलेलं यंत्र खिशातल्या भिजलेल्या फोनपेक्षा भरवशाचं.

हा उपग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

एवढा मोठा सपाट पत्रा ऊन परावर्तित करणारच. आधीचा ब्लूवॉकर ३ उलगडल्यावर खगोलशास्त्रज्ञांनी जगभरातून मोजमापं घेतली. ती २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आली. सर्वांत तेजस्वी असताना त्याची तेजाची प्रत ०.४ भरली, म्हणजे प्रश्वा आणि अग्रनद या ताऱ्यांच्या बरोबरीने. ६४ चौरस मीटरला हे, तर २२३ ला काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. दिसायचं ते सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी, संथ सरकणारा, न लुकलुकणारा ठिपका.

रेडिओ खगोलशास्त्राची तक्रार याहून गंभीर आहे, ती मात्र फोटोत दिसत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं उदाहरण घ्या. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि ऐकायचा पट्टा साधारण १२० ते १,४६० मेगाहर्ट्झ. अशा दुर्बिणी मुद्दाम शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाला बांधतात, म्हणजे टॉवरचा गोंगाट येऊ नये. टॉवरच डोक्यावरून जायला लागला तर आडोसा कशाचा घेणार? त्या भागावर झोत बंद ठेवणं हा उपाय आहे, आणि तो लेखी बंधन म्हणूनच हवा.

आणि कचरा? टक्कर?

१० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम ३३ आणि निकामी रशियन कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले, दोन हजारांहून जास्त तुकडे झाले. त्यामुळे काळजी पोकळ नाही. ब्लूबर्डच्या उड्डाणादिवशी तर हे घड्याळातच दिसलं. वेळ ठरली होती ८ वाजून ५४ मिनिटं. वाटेत काही आडवं येण्याची शक्यता दिसली आणि उड्डाण ९० सेकंद पुढे ढकललं. ८:५५:३० ला ६४० टनांचं रॉकेट उठलं, आणि पंधरा मिनिटांनी उपग्रह वेगळा झाला. फक्त दीड मिनिट. पण तेवढ्या वेळात आडवं येणारं जे काही असेल ते सातशे किमी पुढे गेलेलं असतं.

५२० किमीवर हवा अगदी विरळ असते, तरी असते. एवढ्या रुंद पत्र्याला ती सतत मागे ओढत राहते, म्हणून थ्रस्टर मारून उंची टिकवावी लागते. उपग्रह बंद पडला तर तीच हवा काही वर्षांत त्याला खाली आणून जाळते.

पूर, भूकंप, वादळात हे कामाला येईल?

माझ्या मते याचा सर्वांत खरा उपयोग हाच. आपत्तीत टॉवर कोसळतात त्यापेक्षा जास्त वेळा ते उभ्या उभ्या मुके होतात: वीज जाते, बॅटरी संपते, जनरेटरचं डिझेल संपतं, किंवा रस्त्याबरोबर फायबर वाहून जातो. वरच्या उपग्रहाला यातलं काही लागत नाही, गेटवे आपत्तीच्या पट्ट्याबाहेर असला म्हणजे झालं.

अडचण गर्दीची. एका झोतातले हजारो लोक एकदम "सुखरूप आहे" कळवायला लागले की वर सांगितलेला १२० चा आकडा किती तोकडा आहे ते कळतं. म्हणून अशा वेळी कॉल लावत बसू नका. मोकळ्यावर या, फोन खिशातून बाहेर काढा, चार शब्दांचा मेसेज टाइप करून पाठवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. गेला नाही तर पुढचा उपग्रह येईपर्यंत स्क्रीन बंद करून बॅटरी वाचवा.

मग आत्ता सिम किंवा प्लॅन बदलू का?

नको.